मागे बसणाऱ्याने मागवायचं

प्रिय दादा,

पाकिटात कागदाशिवाय काहीतरी जड लागलं असेल. ते इतक्यात काढू नकोस. आधी पत्र वाच, सगळं, ओळीने. तू शेवटचं पान आधी वाचतोस हे मला ठाऊक आहे. लहानपणी रहस्यकथांचंही तू तेच करायचास आणि मग जेवायला बसल्यावर खुनी कोण ते मला सांगून टाकायचास. या वेळी एवढं ऐक. फोनवर का नाही सांगितलंस, असं तू विचारशील. फोनवर मी गडबडते. तू 'हं, हं' करायला लागलास की मला वाटतं तुला कामं आहेत, आणि मी मुख्य गोष्ट सोडून हवापाण्यावर येते. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

तर बातमी अशी की काल मी मोटरसायकल चालवली. स्कूटर नव्हे. बाबांची मोटरसायकल, तीच काळी, टाकीवर पोचा पडलेली. घरापासून जेट्टीवरच्या मावशीच्या खानावळीपर्यंत आणि परत, एकशे अठ्ठावीस किलोमीटर. आणि मागे बाबा बसले होते. काल परतल्यावर मी वहीत हे एवढंच लिहिलं आणि मग त्या ओळीकडे बघत बसले, कारण ती दुसऱ्याच कुणाच्या तरी वहीतली वाटत होती. वय वर्षं सेहेचाळीस, दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट तपासून सही करणारी बाई, घराला कुलूप लावल्यावर जिन्यातून दोनदा परत येऊन ते ओढून बघणारी. ती मी. माझ्या तळव्यांत अजून हँडलची थरथर आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

नऊ वर्षं आम्ही तिकडे गेलो नव्हतो. आणि नऊ वर्षं तू आणि बाबा एकमेकांशी बोलला नाहीत. 'तब्येत कशी आहे' आणि 'बरी आहे' याला मी बोलणं धरत नाही, तेही मी मध्ये फोन धरून उभी असते म्हणून. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पत्र लिहिता आलं असतं तर सोपं होतं, पण त्या वेगळ्या नाहीत. त्याच्याकडे येतेच. आधी मला आनंद सांगू दे. क्रम चुकतोय हे कळतंय मला, पण आनंद आधी सांगितला नाही तर नंतर तो सांगायचा मला धीर होणार नाही.

झालं असं की थंडीत बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते तुला कळवलं होतं. पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. बाबांनी ती शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचली आणि खुर्चीतून उठता उठता स्वतःशीच म्हणाले, "चला, आता मावशीचा फळा वाचता येईल." डॉक्टरांना वाटलं, आमच्या घरात कुणी मावशी शिक्षिका आहे. मी हसले, पण घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तो फळा. खडूने लिहिलेले सहा-सात मासे, संपतील तसतसे ओल्या फडक्याने पुसले जाणारे. बाबांच्या हाताला आता कंप आहे, त्यांना गाडी चालवणं शक्य नाही. बसने जाता येतं, पण त्यांना बसने जायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. नऊ वर्षं ते दर रविवारी ताडपत्री काढून गाडी दहा मिनिटं सुरू ठेवत आले होते. चालवायची नाही, नुसती ऐकायची आणि परत झाकायची. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या की तुमचे बाबा गाडीला औषध पाजतात.

मी लॅबच्या समोरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला गाठलं. शिकवाल का, म्हटलं. त्याने माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बूट घालून या." दर रविवारी सकाळी सात वाजता, धान्यबाजारामागच्या मोकळ्या मैदानात. त्याची जुनी गाडी, माझं नवं हेल्मेट. दादा, मी किती वेळा पडले ते सांगत नाही, पण वहीत आकडा आहे. वळताना मी थांबून डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, पुन्हा डावीकडे, आणि तोवर गाडी बंद. मिस्त्री वैतागून म्हणायचा, "मॅडम, रिपोर्टवर सही करताय का गाडी चालवताय?" आठव्या रविवारी मी तिसऱ्या गिअरमध्ये मैदानाला पूर्ण फेरी मारली आणि तो कठड्यावरून उठलाही नाही, चहा पीत राहिला. त्यावरून मला कळलं की जमलं. बाबांपासून हे सगळं लपवून ठेवलंय असं मी समजत होते. एकदा माझ्या उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा चटका बसला. मी त्यावर मलम लावत होते, तर पेपर वाचता वाचता बाबा म्हणाले, "उजवीकडून उतरतेस काय? डावीकडून उतरावं." पेपर खालीसुद्धा केला नाही.

मिस्त्रीने पहिल्याच रविवारी मला टाकीखालचा पेट्रोलचा कॉक दाखवला होता. त्या दिवशी मी शिकवणी अर्धी टाकून घरी आले. तेही सांगणार आहे. थोडं थांब.

काल सकाळी सहाला मी उठले तर बाबा तयार. चामड्याचं जाकीट, जे आता त्यांच्या खांद्यांवरून ओघळतं, गळ्यात आईचा निळा मफलर, हातात फडकं. गाडी पुसून झाली होती, अगदी चाकाच्या तारा एकेक करून. हवा किती छान होती म्हणून सांगू. अंगाला बोचत नाही पण जाग आणते अशी, आणि रस्त्याकडेच्या झाडांना इतकी कोवळी पानं की त्यांच्यातून पलीकडची घरं दिसत होती. मी म्हटलं, बाबा, कोपऱ्यावरच्या पंपावर पेट्रोल भरून घेऊ. बाबा म्हणाले, "पुलापलीकडे." आठवतं ना तुला? इकडच्या पंपावर भरायचं नाही, खाडीपुलापलीकडे त्यांच्या मित्राच्या पंपावरच भरायचं, तोवर गाडी टाकीतल्या उरल्यासुरल्यावर न्यायची. चाळीस वर्षांचा शिरस्ता. जुन्या गाडीला पेट्रोलचा काटा नाही, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी वाद घातला, हरले, आणि मग खाली वाकून कॉक बघितला. मेनवर होता, म्हणजे रिझर्व्ह शिल्लक. हेल्मेट घातलं, परत वाकून बघितला. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा बाबा म्हणाले, "तो पळून नाही जाणार."

मागे बसलेले बाबा म्हणजे काय प्रकरण आहे, याची तुला कल्पना नाही, कारण तू त्यांना कधी मागे बसवलं नाहीस. तुला बसवूच दिलं नाही त्यांनी. पहिले दहा किलोमीटर ते माझ्या मागे बसून गाडी चालवत होते. मी क्लच दाबला की त्यांचा डावा पंजा माझ्या खांद्यावर आवळायचा. मी ब्रेक मारायच्या आधी त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. एका ट्रकला मी ओलांडलं नाही, मागे मागे राहिले, तर हेल्मेटमधून आवाज आला, "वरातीत आहोत का आपण?" म्हणून पुढच्या ट्रकला ओलांडलं, तर, "कशाची घाई आहे?" मग शहर संपलं, रस्ता उघडा झाला, मी चौथ्या गिअरमध्ये गेले, आणि गाडीने तो आवाज काढला, दादा, तो भरलेला, खालच्या पट्टीतला, जो आपण दोघं लहानपणी झोपेतही ओळखायचो. खांद्यावरचा पंजा सैल झाला. थोड्या वेळाने तो उचलला गेला. आरशात बघितलं तर बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून कडेची शेतं बघत होते. मला कळेना की रडावं का हॉर्न वाजवावा. हॉर्न वाजवला.

आणि मग पूल. तीन किलोमीटरचा, सरळ, दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी. पुलाच्या बरोब्बर मध्यावर गाडीने उचकी दिली. एक, मग दुसरी, वेग ओसरला. पण डावा हात आपोआप खाली गेला, कॉक सापडला, फिरवला. रिझर्व्ह. दोन सेकंद काहीच नाही, मग गाडीने श्वास घेतला आणि वेग उचलला. बाबांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि कानाशी म्हणाले, "बरोबर." दादा, सेहेचाळीस वर्षांत त्यांनी मला हा शब्द किती वेळा म्हटला असेल, मी मोजू शकते. पण त्याच क्षणी मला हेही कळलं की आता जेवणाआधी किंवा जेवताना मला त्यांना सांगावंच लागणार आहे. तो शब्द मला तसाच ठेवून घेता येईना.

पंपावर बाबांचा मित्र स्वतः बाहेर आला, काठी टेकत. म्हणाला, "गाडी लांबूनच ओळखली. तुला ओळखायला वेळ लागला." टाकी भरल्यावर मी कॉक रिझर्व्हवरून परत मेनवर आणला आणि दोघंही माझ्या हाताकडे बघत होते.

जेट्टी तशीच आहे. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, खाली पाणी डुचमळतं तसा फळ्यांचा आवाज, आणि मावशी. तिचे केस पांढरे झालेत, आवाज नाही. बाबांना बघून ती हातातला मासा खाली न ठेवता म्हणाली, "काय हो, वाटेत कुठे मुक्काम पडला होता का? मला वाटलं, मासे सोडले तुम्ही." मग तिने आमच्या मागे बघितलं आणि विचारलं, "बाई?" बाबा म्हणाले, "आता मुलगी आणते." तिने मान हलवली, बाक पुसलं आणि आत गेली. तिने आणखी काही विचारलं नाही याबद्दल मी तिला जन्मभर मानीन.

आता आपला तो नियम. चालवणाऱ्याने रस्ता ठरवला, म्हणून मागे बसणाऱ्याने मागवायचं. आई मागे बसायची, आई मागवायची. आपण बसायचो तेव्हा आपण. म्हणजे बघ, चाळीस वर्षांत बाबांनी त्या खानावळीत एकदाही स्वतःहून काही मागवलेलं नव्हतं. काल पहिल्यांदा त्यांची पाळी. ते फळ्यासमोर जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे, आणि सगळी नावं वाचली, मोठ्याने, त्या नव्या डोळ्याने. मग परत वाचली. मागे दोन माणसं खोळंबली. मावशी म्हणाली, "परीक्षा नाही हो, जेवण आहे." बाबा माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "मला काय आवडतं?" मी म्हटलं, मी चालवली, मला बोलायचा हक्क नाही. त्यांनी बराच विचार करून दोन खेकडे, कोळंबी आणि निखाऱ्यावर भाजलेला एक मोठा मासा सांगितला. शिंपल्या नाही. आई दर वेळी पहिल्यांदा शिंपल्याच मागवायची ना? मी विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं खाल्ल्या. मला कधीच आवडल्या नाहीत." आणि इतके अपराधी दिसले की मला हसू आवरेना. तेही हसले. लसूण, लोणी, लिंबू, वर वारा, बोटं भाजताहेत आणि कुणाला थांबायचं नाहीये. मी इतकी भूक गेल्या कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती. एवढाच आनंद. आता दुसरं.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला ते रिपोर्टसारखं क्रमाने मांडू दे. नऊ वर्षांपूर्वी, असाच वसंत. सात महिन्यांच्या आजारपणानंतर आईला डॉक्टरांनी बाहेर जायची परवानगी दिली आणि तिने पहिलं नाव मावशीचं घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी तू गाडी कामावरून आणलीस आणि बाबांना म्हणालास, पेट्रोल मेनवर आहे, थोडं उरलंय, रिझर्व्हला हात लावलेला नाही. रविवारी सकाळी बाबा आईला घेऊन निघाले. पुलाच्या मध्यावर गाडी बंद पडली. बाबांनी कॉक फिरवायला हात खाली नेला तर तो आधीच रिझर्व्हवर होता. म्हणजे राखीव म्हणून जे होतं, तेच जाळत ते तिथवर आले होते. बाबा गाडी ढकलत आणि आई शेजारून चालत, थोडं अंतर. मग ती दमली. शेवटी एका टेम्पोवाल्याने दोघांना घरी आणून सोडलं. तू म्हणालास, मी कॉक फिरवला नाही. बाबा म्हणाले, कॉक आपोआप फिरत नाही. तू पुन्हा तेच म्हणालास, ते पुन्हा तेच म्हणाले. मग तू खिशातून तुझ्याकडची गाडीची किल्ली काढलीस, टेबलावर ठेवलीस आणि बाहेर गेलास. दोन महिन्यांनी तू बदली मागून घेतलीस. थंडी सुरू व्हायच्या आत आई गेली. तिची ती खेप राहिली ती राहिलीच, आणि बाबांच्या हिशोबी ती तुझ्यामुळे राहिली.

शुक्रवार आणि रविवार. मधला शनिवार कुणी मोजलाच नाही.

मिस्त्रीने मला कॉक दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, चालता चालता गाडी उचक्या देऊन बंद पडली तर हा फिरवायचा, किक मारायची, आणि भरल्यावर आठवणीने परत आणायचा. नाही आणला तर पुढच्याला वाटतं रिझर्व्ह शिल्लक आहे, आणि तो रस्त्यात बसतो." मी हात पुसले, घरी आले, माळ्यावरून त्या वर्षाची वही काढली. दुपारचं ऊन होतं, बाबा झोपले होते. शनिवारची नोंद जशीच्या तशी उतरवते: 'संध्याकाळी बाबा आईची औषधं आणायला गेले. दादा बाहेर. गाडी काढली. गल्लीत दोन फेऱ्या, पहिल्याच गिअरमध्ये. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यावर उचक्या देऊन बंद पडली. शिंपी दुकानातून आला, गळ्यात टेप तसाच. खाली वाकून काहीतरी फिरवलं, किक मारली, चालू. म्हणाला, घरी सांगून ठेवा. काय ते विचारलं नाही. जागेवर आणून लावली. कुणाला कळलं नाही. फार मजा आली.'

सदतीस वर्षांची होते मी, दादा. बापाच्या चोरून गाडी काढायचं ते वय नव्हे. पण तुला त्यांनी सोळाव्या वर्षी शिकवली, आणि मला म्हणाले होते, तू आधी सायकल नीट चालव. मी ती गोष्ट वीस वर्षं मनात ठेवली होती. शिंप्याने सांगितलेलं मी घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गाडी काढल्याचं कळलं असतं. एवढ्याशा लाजेसाठी.

आणि हे पुढचं लिहिताना मी दोनदा उठून आले. रविवारी तुमचं भांडण मी स्वयंपाकघरातून ऐकलं. कॉक हा शब्द ऐकला. मला तेव्हा कळलं होतं का? मी स्वतःला सांगते की नाही, मला कॉक म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. पण रविवारच्या नोंदीत एक ओळ खोडलेली आहे. मी वहीत कधीही खोडत नाही, चूक झाली तर पुढे दुरुस्ती लिहिते, तुला माहीत आहे. ती एकच ओळ, आणि इतकी गिरवून खोडलेली की उजेडासमोर धरूनही वाचता येत नाही. तिच्यात काय होतं ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. दुसऱ्या कुणाचा असा रिपोर्ट माझ्यासमोर आला असता तर मी त्यावर सही केली नसती. म्हणून मी तुला 'मला माहीत नव्हतं' असं लिहीत नाही. एवढंच लिहिते की कॉक तू फिरवला नव्हतास. तू खरं बोलत होतास.

हे सगळं मी काल बाबांना सांगितलं, अर्धा खेकडा ताटात असताना. वहीतलं ते पान फाडलं नव्हतं, वहीच पिशवीतून नेली होती. त्यांनी हात पुसले, वाचलं, नव्या डोळ्याने, चष्म्याशिवाय. मग वही बाजूला ठेवली आणि खेकड्याचे पाय फोडायला घेतले. एकेक पाय फोडून आतला गर माझ्या ताटात ठेवत गेले, लहानपणी ठेवायचे तसा, हात कापत होता तरी. मी ओरडा खायला तयार होते, दादा. हे सोसायला नव्हते.

मग पाण्याकडे बघत ते म्हणाले, "पुलावर ती कठड्याला टेकून बसली होती. पिशवीतली बिस्किटं काढून खाल्ली. म्हणाली, इथूनही दिसतंय की पाणी, एवढं काय. आणि म्हणाली, घरी गेल्यावर पोराला बोलू नका हं, विसरला असेल. मी हो म्हटलं." लिंबाची फोड बाजूला सारली. "आणि दारात चप्पल काढायच्या आधी बोललो." मी म्हटलं, बाबा, पण चूक माझी होती. ते म्हणाले, "तुझी शनिवारची. माझी नऊ वर्षांची." नंतर उठले, फळ्यापाशी गेले आणि मावशीला म्हणाले, एक प्लेट माकूळ, लसूण जास्त. दादा, माकूळ आमच्यापैकी कुणी खात नाही. ते तू मागवायचास. प्लेट आली ती त्यांनी रिकाम्या बाजूला ठेवली, तू बसायचास तिथे. जरा वेळाने स्वतःच एक तुकडा उचलला, बराच वेळ चावला, आणि म्हणाले, "रबर आहे. ह्याला कसं आवडतं कोण जाणे." आणि सगळी प्लेट संपवली.

येताना पुलाच्या मध्यावर मी गाडी हळू केली. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणून थांबवली नाही, तशीच हळूहळू नेली. पाणी खरंच दिसतं तिथून, अगदी खाडीच्या तोंडापर्यंत.

पत्र कशासाठी हे आता तुला कळलं असेल. माफी मला मागायची आहे, ती मागते, आणि तू ती लगेच देऊन टाकू नकोस, तुला सवय आहे. पण ती मी फोनवरही मागितली असती, कशीबशी. हे पत्र लिहायला बसले ते दुसऱ्या कारणाने. आज सकाळी बाबा नटबोल्टांचा डबा घेऊन माझ्यासमोर बसले आणि तळाशी हात घालून एक किल्ली काढली. तांब्याच्या तारेची पिळलेली कडी, तू स्वतः केलेली. तू टेबलावर ठेवलेली ती किल्ली नऊ वर्षं त्या डब्यात होती, आणि मला माहीतही नव्हतं. म्हणाले, "त्याची आहे, त्याला पाठव." मी विचारलं, सोबत काही लिहू का? ते खिडकीशी गेले, खाली गाडीकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "लिही, हवा बदलायच्या आत ये म्हणावं. तू चालव, मी मागे बसतो." मी लिहायला घेतलं तर दारातून परत आले आणि म्हणाले, "आणि मागवणार मी. तेही लिही." तर लिहिलं. मी माझ्या स्कूटरवर मागून येईन. आता काढ पाकिटातून. आणि काळजी करू नकोस, कॉक मेनवर आहे. आत्ताच खाली जाऊन बघून आले.

तुझीच,
वहीवाली